मालक सापडत नाही तेव्हा

न दिलेली वस्तू घेऊ नये. जैन परंपरेत अस्तेयाचे हे व्रत इतके कडक, की वाटेत पडलेली वस्तू उचलणेही दोषच. पण देणाराच सापडत नसेल तर?

१९४० सालचा एखादा दिवाळी अंक घ्या. पाने पिवळी, हात लावताच कडा तुटतात. कथेखाली लेखकाचे नाव आहे, माणसाचा माग नाही. प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडली. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. तो १९७० साली वारला असेल, तर २०३० अखेरपर्यंत. मृत्यूचे सालच ठाऊक नसेल, तर मोजणार कुठून? तोवर कागद थांबत नाही.

बेवारस धनाबाबत मनुस्मृती सांगते: राजाने ते तीन वर्षे सांभाळावे, मालक आल्यास परत द्यावे. मालक सापडत नसलेले साहित्य परवान्याने छापू देणारे कॉपीराइट कायद्याचे कलम ३१अ याच वळणाचे आहे. २०१२च्या दुरुस्तीने ते प्रकाशित साहित्यालाही लागू झाले. परवाना घेणाऱ्याने रॉयल्टी जमा करायची, वारसाने ती केव्हाही मागायची.

ही तरतूद न्याय्य आहे. मात्र मराठी कथेच्या पुनर्मुद्रणासाठीही सक्तीची जाहिरात इंग्रजी दैनिकातच! वारस शोधायचा, तर तो वाचतो त्या भाषेत शोधला पाहिजे. कायद्यात एवढी दुरुस्ती व्हायलाच हवी.