फिकट करड्या रंगाचं बटण

गिरगावातल्या चाळीत आपला व्यवसाय समजावून सांगणं ही एक परीक्षाच असते. डॉक्टर, सीए, बँकेत असणारे एका शब्दात सुटतात. मी ‘यूएक्स डिझायनर’ म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, “म्हणजे वेबसाइटला रंग देतोस का रे?” रंग नाही हो काकू, कुठलं बटण कुठे असावं, किती ठळक असावं, ते ठरवतो. “अस्सं! म्हणजे मला फोनमध्ये जे सापडत नाही, ते तू लपवतोस.” पंधरा वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन माझ्या एकाही वरिष्ठाला जमलेलं नाही.

‘युजर एक्स्पीरियन्स’ हे नाव डॉन नॉर्मन यांनी 1993 साली ॲपलमध्ये असताना आपल्या हुद्द्यात घातलं आणि तिथून ते रूढ झालं. काम मात्र जुनं आहे, आणि आमच्या उंबऱ्याशी झालेलं आहे. इथून चालत जाता येईल अशा कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. 1864 मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना, 1869 मध्ये छापखाना. देवनागरी जुळवणं म्हणजे जुळाऱ्याचा छळ: वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची पलटण. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी त्या दाटीत शिस्त आणली. बारीक टाइपातली संस्कृत पोथीसुद्धा डोळ्यांना टोचेनाशी झाली. वाचकाने कालिदासाला दाद दिली, आरूंना नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.

पंचांगाचंही तेच. तिथी-नक्षत्रांचे ते रकाने भटजींनाच उलगडत. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ‘कालनिर्णय’ काढलं आणि ते ज्ञान भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. पण खरी गंमत वापरणाऱ्यांनी केली. तारखेच्या चौकोनात उरलेल्या जागेत घरोघर दुधाचा हिशेब चढला, गॅसचा सिलिंडर लागल्याची खूण आली, कामवाल्या बाईंचे खाडे आले. चांगल्या मांडणीची मी एवढीच कसोटी मानतो: माणसाला तिथे स्वतःचं काहीतरी लिहावंसं वाटलं पाहिजे.

मग आमचं कुठे बिघडलं? डिझायनर बेरकी झाले, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. फरक पैसे कधी मिळतात यात आहे. कॅलेंडर विकलं की विकणाऱ्याचा त्या ग्राहकाशी व्यवहार संपला, थेट पुढच्या वर्षापर्यंत. वर्षभर ते सुखाने वाचता आलं, तरच पुढच्या डिसेंबरात खप. ॲप फुकट मिळतं. त्याची कमाई त्यानंतर सुरू होते, तुमच्या प्रत्येक थबकण्यावर, प्रत्येक चुकार स्पर्शावर. डोळा आधी कुठे जातो, बोट कुठे अडखळतं हे आरूंच्या जातकुळीचं ज्ञान. पण तेच उलट्या बाजूनेही वापरता येतं.

मी वापरलंय. एका कंपनीत ‘नको’ म्हणणारं बटण मी फिकट करड्या रंगाचं केलं, पांढऱ्यावर करडं. कुणी दरडावलं नव्हतं. बैठकीत आलेख दाखवला गेला, माझी रेघ वर गेली होती, टाळ्या पडल्या. घरी येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर उगाचच दोन चहा प्यायलो.

30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा युक्त्या नावानिशी दिल्या आहेत: खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीतून बाहेर पडू न देणं. ती यादी मी हातात पेन्सिल घेऊन वाचली. तेरांपैकी चार माझ्या हातच्या निघाल्या. सरकारी कागदात आपलं कसब असं नोंदलेलं पाहणं काही सुखाचं नव्हतं. निर्णयसागरचा खिळा झिजेपर्यंत चालायचा. माझी स्क्रीन दोन वर्षांत बदलते, तेव्हा पुरावाही उरत नाही.

काकूंना मध्यंतरी असाच एक फटका बसला. तिकीट काढताना आधीच टिचकी मारून ठेवलेल्या चौकटीने कसल्याशा विम्याचे पैसे कापले. रक्कम किरकोळ होती. त्यांना राग आला तो न विचारता घेतल्याचा. आता त्या प्रत्येक स्क्रीन पोथीसारखी वाचतात, चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून. एखादा शब्द अडला तर गॅलरीतून मला हाक मारतात, आणि मी घरी नसेन तर फोन तसाच पालथा घालून भाजी निवडायला बसतात. आमच्या आलेखात अशा माणसाची नोंद ‘मध्येच सोडून गेलेला ग्राहक’ अशी होते.