वयाला शोभेल अशी जीन्स

माझ्या कपाटात पाच जीन्स आहेत. त्यातल्या तीन स्किनी. एक कॉलेजच्या शेवटच्या वर्षात अमरावतीत घेतलेली, दोन पुण्यात नोकरी लागल्यावर. फाटलेली एकही नाही. एकीची कंबर आता होत नाही, बाकी दोन आजही बसतात. तरी वर्षभरात त्यांना हात लावलेला नाही. ऑफिसात नवीन आलेली पोरं ढगळ, सरळ पायाच्या जीन्स घालतात आणि स्किनीवाला दिसला की त्याचं पासआउट वर्ष अंदाजाने सांगतात. माझं वय एकोणतीस.

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण थोडा वेळ द्या. धड असलेला कपडा फक्त काळ बदलला म्हणून टाकणं बरोबर आहे का? आणि ‘आता हे तुझ्या वयाला शोभत नाही’ हे ठरवायचं कुणी?

पहिलं उत्तर आपल्याकडे तयार असतं: कपड्यात काय ठेवलंय! अमरावतीच्या माणसाने हे म्हटलं की पुढे गाडगेबाबा येतातच. अंगावर चिंध्या जोडलेला कपडा, हातात खराटा. त्यांची समाधी गाडगेनगरात आहे, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण बाबांचा पेहराव म्हणजे कपड्यांकडे दुर्लक्ष, असं मला वाटत नाही. माणूस कपडे बघून माणसाची किंमत करतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तो वेश म्हणजे समोरच्याची परीक्षाच होती. म्हणजे कपड्यात पुष्कळ काही ठेवलेलं असतं. प्रश्न ते कोण ठेवतं याचा आहे.

जीन्सचंच बघा. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं पेटंट घेतलं, कारण मजुरांचे खिसे उसवायचे. तो कामाचा कपडा होता. तरुणपणाचा शिक्का त्यावर नंतर, सिनेमाने आणि जाहिरातींनी मारला. आपल्याकडे १९९५च्या सुमारास अरविंद मिलने ‘रफ अँड टफ’ नावाचा न शिवलेला संच आणला. कापड, चेन, रिव्हेट, लेबल सगळं एका पाकिटात, शिवायचं गावच्या टेलरकडून. त्या पिढीतले कितीतरी लोक लग्न झालं, पोरं झाली की टेरिकॉटच्या पँटवर आले आणि तिथेच राहिले. त्यांच्यासाठी वय वाढणं म्हणजे जीन्स सुटणं. आमची जीन्स सुटत नाही, फक्त कट बदलत राहतो. म्हणजे वय दाखवायची जबाबदारी आता दर पाच-सात वर्षांनी नव्याने, आणि नव्या खर्चासह, येते. त्यात एक गंमत आहे: ढगळ जीन्स टेलर घट्ट करून देतो, पण घट्ट जीन्स ढगळ होत नाही. कापड आणणार कुठून? फॅशन सैल होते तेव्हा दुकानात जावंच लागतं.

दुसरं उत्तर वऱ्हाडातल्या मित्रांकडून ऐकलंय: ‘घे ना बे, तेवढाच आपल्या कापसाले भाव भेटते.’ ऐकायला बरं वाटतं. शेजारी यवतमाळला डेनिमची मिल आहे, नांदगाव पेठेला कपड्याचा मोठा घाऊक बाजार आहे. पण हिशेब करून बघू. एका जीन्सला पाऊण किलो रुई धरली, तर सरकीसकट सव्वादोन किलो कापूस लागेल. २०२५-२६चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला साधारण १८० रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. त्यातून बियाणं, फवारणी, वेचणी वजा करायची. जीन्स दोन हजारांची असो की सहा हजारांची, हा आकडा तोच राहतो. हौस असेल तर जीन्स घ्यावी, शेतकऱ्याचं नाव त्यात आणू नये.

आता मला खरी बोचणारी गोष्ट. माझी मोठी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, अकोल्यात सासर. लग्नानंतर तिच्या जीन्स माहेरच्या कपाटात गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी बंदी घातली नाही. ‘आता काय तुले हे शोभते का बाप्पा?’ एवढं एक वाक्य, तेही हसत. ती पुण्याला माझ्याकडे येते तेव्हा बॅगेत तळाशी एक जीन्स असते. परत जाताना ती पुन्हा तळाशी. मी चाळिशीत बॅगी घातली तर लोक हसतील आणि विसरतील. तिचं ‘वय’ मात्र लग्नाच्या तारखेला, एका दिवसात वाढलं. ‘शोभणं’ हा शब्द सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हे मला तिथे दिसलं.

आणि त्याच वऱ्हाडात वेचणीला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. ऊन लागतं, बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडतात. तिथे शोभतं का, असं कुणी विचारत नाही. कामाची गरज आली की शोभा गप्प बसते. म्हणजे ती काही अटळ नाही.

म्हणून मी कपाट लावताना दोन गोष्टी धरल्यात. अंग बदललं, काम बदललं, तर कपडा बदलायला हरकत नाही. होत नसलेली जीन्स मावसभावाला दिली, एक सरळ पायाची नवीन घेतली, आवडली म्हणून. ज्या दोन बसतात त्या पुन्हा घालतोय. पोरं वर्ष ओळखतात तर ओळखू देत, ते वर्ष खरंच आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे. स्वतःच्या कपड्यांना शोभेचा नियम लावणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. तोच नियम घरातल्या दुसऱ्या माणसाला लावला जात असेल, तर मात्र समोर बसलेल्याने बोलायला हवं. दिवाळीला बहीण येईल तेव्हा घरात सगळे असतील. तिने काय घालावं हे मी सांगणार नाही. पण ते हसरं वाक्य कुणी उच्चारलं, तर तिच्याआधी मी विचारणार आहे: ‘काऊन नाही शोभत?’