कुरव आले आहेत



पाऊस सरला, दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाऊ लागली आणि तिच्याभोवती कुरव दिसू लागले. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांकाठी जन्मतात. आपल्याकडे असतात तेव्हा मात्र त्यांचे डोके पांढरे, कानामागे एक काळसर ठिपका. परत निघायच्या सुमारास ते पुन्हा तपकिरी होते. मुठीएवढ्या चिखल्याही हिमालयापलीकडून येतात. देवबागला कर्लीच्या मुखाशी ओहोटीला जाऊन पाहा. फक्त फोटोसाठी त्यांना उडवू नका, आणि वेफर्स तर नकोच. परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना इथेच साठवायची असते.

इस्राएलचा प्रदेशही पक्ष्यांच्या वाटेवर आहे. पाखरांना येण्या-जाण्याचा काळ समजतो आणि देवाच्या प्रजेला देवाची रीत समजत नाही, अशा अर्थाची तक्रार यिर्मया संदेष्टा आठव्या अध्यायात करतो. तिथे 'शूब' हा हिब्रू शब्द पुनःपुन्हा येतो. त्याचा अर्थ परत फिरणे. पश्चात्तापालाही तोच शब्द. आपण पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणे समजतो. संदेष्ट्याच्या शब्दात पाय उचलावे लागतात.

नागालँडमधील पांगती गावाने ते करून दाखवले. 2012 साली तिथल्या दोयांग जलाशयावर लावलेल्या जाळ्यांत हजारो अमूर ससाणे मारले गेले. लोकांना त्यातून पैसा मिळत होता, हे विसरून चालणार नाही. तरीही ग्रामसभा आणि तिथली चर्चेस पुढे आली, आणि 2013 च्या हंगामात शिकार थांबली. त्याच वर्षी तिथे उपग्रह-यंत्र बसवलेले ससाणे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोहोचले. त्यांतल्या एकाला गावाचेच नाव दिले होते, पांगती.

आपल्याकडे सातबाऱ्यावर दोन भावांची नावे एकाखाली एक असतात. पण मुंबईचा भाऊ मे महिन्यात आला तर लॉजवर उतरतो, आणि वडिलांच्या मृतात्म्यासाठी दोघे वेगवेगळ्या मिस्सा सांगतात. मिस्सा दोन्ही होतात, वडील मात्र एकच. नाताळ जवळ येतो आहे. फोन थोरल्याने करायचा की धाकट्याने, हे मला विचारू नका. हे पत्रक ज्याच्या हातात आहे त्याने करावा. जमिनीचा वाद त्यामुळे मिटेल असे नाही. तो तहसील कचेरीत चालू द्या.

आगमनकाळात दर शनिवारी सायंकाळी प्रायश्चित्त संस्कारासाठी मी चर्चमध्ये बसेन. दोघे भाऊ एकाच दिवशी आलात तर रांगेत पुढे-मागे उभे राहा.