धाव सुटलेलं चाक

रविवारच्या पुरवण्यांना आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींना सध्या अंगणाचं वेड लागलं आहे. जुनं जातं आणा, त्यावर काच ठेवा, चहाचं टेबल तयार. घंगाळात कमळं लावा, पाट्यावर पणत्या मांडा, बैलगाडीचं चाक भिंतीला टेकवा. कृती संपली की एक वाक्य हमखास येतं: वारसा जपला गेला. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, आणि आता शहरालगतच्या एखाद्या पर्यटन केंद्राच्या फाटकाशी चाक दिसलं नाही तर पाहुण्यालाच चुकल्यासारखं होतं.

बीड जिल्ह्यातून पाहिलं तर या वाक्याचा काळच चुकलेला दिसतो. दसरा झाला की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यात डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून वाहणारे), गाडी सेंटर (बैलगाडीवाले) आणि टायर सेंटर (टायर लावलेल्या बैलगाडीवाले) अशी विभागणी असते. पैकी शेवटच्या दोघांचा हंगाम बैलगाडीवरच निघतो. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडे ज्या रस्त्याकडेच्या हिरवळीवर चाक शोभेला उभं आहे, त्याच रस्त्याने उसाने लादलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्याकडे जात असते. पर्यटक दोन्हींचे फोटो काढतो. त्याच्या लेखी दोन्ही 'जुनं'च.

या विषयावरच्या बऱ्याच मतांशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. जुनी वस्तू तिच्या मूळ कामालाच वापरली पाहिजे म्हणणाऱ्यांना एकदा पहाटे चारला उठवून पायलीभर ज्वारी दळायला बसवावं. गावात गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं कोपऱ्यात सारलं ते आनंदाने. कर्बवायूच्या बचतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी ते जातं शेदोनशे किलोमीटर वाहून आणणाऱ्या टेम्पोचं डिझेलही मांडावं. वीरगळ उचलून बंगल्याच्या दाराशी रोवणाऱ्यांसाठी १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, तो इथला विषय नव्हे.

खरा मुद्दा एकाच युक्तिवादाचा आहे, कारण तो सभ्य आहे आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. 'नाहीतर भंगारातच गेलं असतं.'

हे अनेकदा मुळात खरं नसतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात मोडलेल्या वस्तूचा दुसरा जन्म नीट पाहावा. फुटक्या रांजणात तुळस असते. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापून त्यात पुदिना लावलेला असतो. जात्याची तळी न्हाणीत धुण्याचा दगड झालेली असते, पाटा उंबऱ्यापुढची पायरी. विटलेली लुगडी रानडुकरं आणि हरणं येऊ नयेत म्हणून शेताभोवती बांधलेली असतात, त्यातूनही उरलं ते वाकळेत जातं. खताच्या गोण्या उसवून, जोडून खळ्यासाठी तळवट शिवलेला असतो. यातलं काही भंगाराच्या वाटेवर नव्हतं. धुण्याच्या दगडाला बाहेरून भाव आला म्हणून तो उचलला गेला, आणि त्या जागी सिमेंटचा ओटा आला. इथे जपलं काय गेलं?

दुसरं, भंगारात जाणं म्हणजे मरण, हेही गृहीतच. तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्पिढ्या मोडीत जात आली आहेत. मोडीतलं पितळ वितळतं आणि पुन्हा भांडं होतं. आज ज्या घंगाळाला आपण पणजीचं म्हणतो, त्यातला धातू कदाचित तिच्याही पणजीच्या हंड्यातला असेल. धातूला याची खंत नाही; खंत आहे ती घंगाळाच्या आकारावर जीव जडलेल्या आपल्याला. तसा जीव जडायला हरकत नाही, फक्त त्याला वारशाचं रक्षण म्हणू नये.

तिसरा दोष सगळ्यांत खोल. 'मी वाचवलं' असं म्हटलं की वाचवणाऱ्याला त्या वस्तूवर वाटेल ते करण्याची मुभा मिळते. भोक पाडा, रंग द्या, काँक्रीटमध्ये पुरा. जीवदान दिलेल्याने तक्रार करायची नसते. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडात जुन्या इमारतींसाठी संस्था काढली ती पाडापाडी करणाऱ्यांपेक्षा उत्साही जीर्णोद्धारवाल्यांना घाबरून, हे आता पाठ्यपुस्तकी झालं आहे. आपल्याकडची मंदिरं ऑइलपेंटने कशी 'वाचली' तेही सर्वांनी पाहिलेलं आहे.

चाकाचंच घ्यावं. लाकडी चाकात मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि घेरावर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, ती फुगलेली असतानाच चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आक्रसतं आणि सगळे सांधे एकमेकांत दाबून बसवतं. चाक अखंड राहतं ते या आवळण्यामुळे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आटलं की धाव ढिली पडते, म्हणून गाडीवान चाकं ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकत. लाकूड फुगे, धाव पुन्हा घट्ट बसे. चालतं चाक असं पाणी, वंगण, सुतार आणि लोहार यांच्या आधाराने वर्षानुवर्षं टिकतं.

भिंतीवरच्या चाकाला यातलं काही मिळत नाही. मिळतं ते चकचकीत पॉलिश. उन्हात त्याला तडे जातात, तड्यांतून पावसाचं पाणी शिरतं आणि वरच्या थरामुळे आतच कोंडतं. हिरवळीत रोवलेल्या चाकाची स्थिती याहून वाईट. खालचा घेर फवाऱ्याच्या पाण्याने कुजतो आणि वरचा उन्हाने फाटतो. मग धाव निसटते आणि मालक वेल्डरला बोलावतो. सुताराला नाही, कारण चाक फिरायचंच नाही. जतनाच्या नावाने जो व्यवहार चालला आहे, त्यात दुरुस्ती करणाऱ्या हाताला कामच उरत नाही, ही गोष्ट 'नाहीतर भंगारात' म्हणणाऱ्यांच्या लक्षात कशी येत नाही याचं आश्चर्य वाटतं.

म्हणून जुनं-नवं किंवा टाकाऊ-टिकाऊ या जोड्या बाजूला ठेवून एक वेगळा भेद करायला हवा. काही वस्तू त्यांच्या गुणावर वापरल्या जातात, काही ओळखीवर. रांजणाचं तोंड रुंद, माती सच्छिद्र, मुळांना हवा मिळते, म्हणून तिथे तुळस. रांजण जुना असणं हा योगायोग. जात्याचा काळा दगड कठीण आणि वजनदार, धुणं आपटलं तरी हलत नाही, म्हणून तो न्हाणीत. भिंतीवरच्या चाकात मात्र गुणाला काही काम नाही, तिथे काम करते फक्त 'हे बैलगाडीचं चाक आहे' ही ओळख. फायबरचं हुबेहूब चाक लावलं तरी त्या भिंतीचं काहीच अडणार नाही. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनीमातीचे तुकडे लावले ते त्यांच्या रंगासाठी, चकाकीसाठी, पावसात टिकण्यासाठी. तो तुकडा कुठल्या मोरीतला होता हे तिथे कुणी विचारत नाही.

याचा अर्थ ओळखीवर जगणारी वस्तू खोटीच, असा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे आता कुणी वापरत नाही, तरी तिथे प्रत्येकाची ओळख निगुतीने सांगितलेली असते. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या कापडाची सुमारे चाळीस फुटांची लांबी हा गुण हेरून त्यांनी त्यावर 'पंचीकरण' लिहिलं; आज तिला कुणी अंगावर घेणार नाही, पण तिची ओळख तिच्यावर झालेल्या कामातूनच आलेली आहे. अंगणातल्या जात्याची ओळख मात्र 'जुनं' एवढ्यावरच थांबते. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने राज्यभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. काचेखालच्या जात्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि त्याच्या मालकाला ठाऊक करून घ्यायचंही नसतं.

उघड्यावरचं राहणं म्हणाल तर त्यातलं सगळ्यांत चोख काम उसाच्या फडाजवळ दिसतं. ऊसतोड जोडप्याची कोपी म्हणजे बांबू, चटई, ताडपत्री आणि बरेचदा कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, कारण फ्लेक्समधून पाणी गळत नाही. छतावरचा चेहरा कुणी पाहत नाही. इथे गुणाशिवाय दुसरं काही उरतच नाही. पण याला गरिबांची कला म्हणून गौरवण्याची घाई करणंही तितकंच उथळ आहे. ज्याला निवडीला जागाच नाही, त्याच्या निवडीचं कौतुक कसलं? वरचा भेद वस्तूच्या वापराबद्दल काही सांगतो. सहा महिने कोपीत राहावं लागण्याचं समर्थन त्यातून निघत नाही.

आणि या भेदाला पैशाची बाजू आहे. गुणावर वापरलेल्या वस्तूचा फायदा वापरणाऱ्याला होतो, ओळखीवर विकलेल्या वस्तूचा मालकाला. ऊसतोडणी यंत्रं फडांत येऊ लागली आहेत. आज ना उद्या टायरगाडीही हिरवळीवर येईल, तिच्यात बोगनवेल लावली जाईल, शेजारी 'ऊसतोडीचा वारसा' अशी पाटी लागेल. तेव्हा तिची किंमत कोण घेईल, हे आजच सांगता येतं. टायरगाडी कारखान्याची असते आणि तोडकऱ्याकडे भाड्याने येते. तिच्यावर हंगामामागून हंगाम काढलेल्या जोडप्याच्या हिशेबात तिची नोंद एकाच ठिकाणी होते, बिलातून कापलेल्या भाड्यात.