मांडलेलं राहू द्या

गोधडीला सुई-दोरा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिला जागाही लागते, हे मात्र जिच्याकडे जागा नाही त्या बाईलाच कळतं.

तापीकाठी, प्रकाशाच्या जवळच्या एका खेड्यात एक म्हातारी राहायची. घरात आणि गल्लीत सगळे तिला मोठी माय म्हणत. तिच्या घराची ओटी ऐसपैस होती. चैत्र-वैशाखात शेतं मोकळी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की ती जुनी लुगडी, धोतरं, पोरींचे परकर काढायची. वीत-वीतभर तुकडे फाडायची आणि ओटीभर मांडायची. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडे ठेवायची. मांडलेलं चार-चार दिवस तसंच राहायचं. ती जाता-येता बघायची, एखादा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायची आणि भाकरी टाकायला निघून जायची. शेजारीण आली की तीही उभ्या उभ्या एखादा तुकडा हलवायची. कुणीच घाई करायचं नाही. मग एका दुपारी मोठी माय दाभण घेऊन बसायची आणि कडेपासून आत, एकाला समांतर एक असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायची. एकदा बसली की काही उसवावं लागायचं नाही, कारण चुका सगळ्या टाक्याच्या आधीच होऊन गेलेल्या असायच्या.

म्हातारा गेल्यावर मोठी माय धाकट्या लेकाकडे नंदुरबारला आली. लेक बाजार समितीत मापाडी, सून अंगणवाडी सेविका. भाड्याच्या दोन खोल्या. नातवाचं दहावीचं वर्ष, आणि नातीला नर्सिंगला नाशिकला प्रवेश मिळालेला. मोठी माय येताना एक बोचकं घेऊन आली होती. त्यात म्हाताऱ्याची दोन धोतरं, तिची स्वतःची लुगडी आणि सगळ्या घराचे कपडे होते. नातीला वसतिगृहात पांघरायला संक्रांतीच्या आत गोधडी द्यायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

दिवाळी होऊन गेलेली. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडल्या होत्या. ओल्या मिरच्या नजर जाईल तिथवर पसरलेल्या, आणि बाया ओळीनं बसून खराब मिरची वेचून काढत होत्या. मोठ्या मायनं तरुणपणी काही हंगाम असं काम केलं होतं. तेव्हा मुकादम तिला सांगायचा, की वाळलेला पट्टा कुठला नि ओला कुठला, हे बसून दिसत नाही. उठून बांधावर जा, तिथून बघ. ते तिच्या कायमचं लक्षात राहिलं होतं.

सकाळी पोरं नि लेक बाहेर पडले, की ती बाहेरच्या खोलीत तुकडे मांडायची. संध्याकाळी पाचच्या सुमाराला नातू वह्या-पुस्तकं घेऊन बसायचा, सातला जेवणं, नऊला त्याच जमिनीवर अंथरुणं. मांडलेलं सगळं गोळा करावं लागायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायला घेतलं, की काल निळ्याशेजारी काय होतं ते आठवायचं नाही. गुडघेही वाकून वाकून धरायला लागले. आणि बांधावर जाऊन बघायचं म्हटलं, तर खोलीला बांध कुठे होता? मागे सरकलं की पाठ कपाटाला लागायची.

शेवटी ती कंटाळली. न मांडताच एकाला एक जोडत निघाली. हात सराईत होता, टाके सरळ पडत होते. अर्धी गोधडी झाली तेव्हा सुनेनं ती दोन हातांनी उचलून दारात धरली. सगळा लाल एका कोपऱ्यात गोळा झाला होता, दुसरी बाजू फिकी, आणि म्हाताऱ्याच्या धोतराचे पांढरे तुकडे एका रांगेत लागून पट्टी मारल्यासारखे दिसत होते.

मोठी माय काही बोलली नाही. कंदिलाच्या काळापासून वापरात असलेली तिची छोटी कात्री तिनं काढली आणि उसवायला बसली. जुनं सुती कापड उसवणं फार जिवावर येतं. धुऊन धुऊन सूत विरलेलं असतं. दोरा निघतो, पण दाभणाची भोकं राहतात, आणि पुढे ताण पडला की कापड नेमकं त्या भोकांच्या ओळीवर फाटतं. लुगड्याचे दोन तुकडे तिच्या हातातच फाटले. ते लुगडं तिच्या आईकडचं होतं.

सून हे बघत होती. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ती मुलांना गोष्ट सांगायला उभी राहिली. भिंतीवर फ्लॅनेल बोर्ड होता. शिक्षिकांच्या आणि सेविकांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलेलं हे साधन आहे. फळीवर फलालीन ताणलेलं, कागदी चित्रांच्या पाठीला पॉलिश पेपरचा तुकडा डकवलेला. चित्र नुसतं टेकवलं की फलालीनच्या लवेत अडकून उभं राहतं. ससा झाडाखाली नको असेल तर उचलायचा आणि नदीकाठी ठेवायचा. तिनं पर्समधला लुगड्याचा एक फाटका तुकडा काढून सशाशेजारी टेकवला. तो पडला नाही. सुती कापडालाही बारीक लव असते, ती फलालीनच्या लवेत गुंतते. ना टाचणी, ना डिंक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण सुरू केलं तेव्हा घराअंगणात मिळेल त्याचंच साधन करायचा रिवाज घातला. मला वाटतं, तो रिवाज शाळेपुरता ठेवण्याचं काही कारण नाही. या सुनेला ते न सांगता कळलं.

गल्लीत कुणाकडे फ्रीज आला होता. त्याचा खोका तिनं मागून आणला. दोन फूट रुंद, पाच फूट उंच अशा फळ्या कापल्या. एका थराच्या आतल्या नागमोडी रेघा उभ्या, तर दुसऱ्याच्या आडव्या असे दोन-दोन थर चिकटवले, म्हणजे फळीला पोक येत नाही. चिकटवायला मैद्याची खळ शिजवली, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी असतो, म्हणून स्वयंपाकाचं पातेलं घेतलं नाही, रंगाचा जुना डबा घेतला. फळ्या रात्रभर गादीखाली दाबून ठेवल्या. लेक त्या रात्री अर्धा पुठ्ठ्यावरच झोपला म्हणायचा.

फलालीन तिनं साधं, मळकट पांढरं आणलं. ते खळीनं चिकटवलं असतं तर लव बसली असती आणि तुकडा धरला नसता. म्हणून कड मागे वळवून पाठीवर दाभणानं इकडून तिकडे दोरा ओढून ते ताणून बांधलं. मळलं की दोरा कापायचा आणि धुवायला टाकायचं. मग दोन्ही फळ्या कडेला कड लावून शेजारी ठेवल्या आणि पाठीमागून जुन्या जीनच्या पॅन्टीची पट्टी घट्ट शिवून टाकली.

उघडलं तर चार बाय पाचचा छान फलक झाला. मिटायला गेली तर मिटेना. उलट बाजूला सहज वळत होता, म्हणजे तुकडे बाहेर आणि पाठ आत.

मोठी माय खाटेवरून बघत होती. ती उठली, नातवाची पुठ्ठ्याची जाड वही उचलली आणि सुनेपुढे उघडून धरली. "हे देख व माय. दोन पुठ्ठ्यांच्या मधी जागा सोडेल शे. पानं कुठं राहतील मग?"

पट्टी उसवली. दोन्ही फळ्यांच्या जाडीइतकी, म्हणजे जेमतेम दोन बोटं फट ठेवून पुन्हा शिवली. आता फलक पुस्तकासारखा मिटला, फलालीनचं तोंड फलालीनला लागलं आणि मधले तुकडे दाबून जिथल्या तिथे राहिले. वरच्या बाजूला धरायला एक नाडी लावली. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत तो उभा सरकला.

त्या दिवसापासून मोठी माय खुर्चीवर बसून गोधडी मांडू लागली. गुडघे वाकवायला नको. नातू आला की फलक मिटायचा, सकाळी उघडला की कालचं सगळं तसंच. दूर जाऊन बघायचं तर फलक दाराच्या आत उभा करायची आणि गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसायची. तिला बांध सापडला होता. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या शेतमजूर घरांतल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या, तेव्हा लोकांना त्यात चित्रं दिसली. गोधड्या त्याच होत्या, फक्त उभ्या केल्या होत्या. आपल्याकडे गोधडी आयुष्यभर आडवीच राहते. धुऊन वाळत घातल्यावर तेवढी उभी दिसते, तेव्हा तर ती शिवूनही झालेली असते.

एक अडचण मात्र निघाली. नंदुरबारहून सुरत रेल्वेनं अगदी हाताशी, त्यामुळे घरोघरी साड्या सुरतेच्या. त्या कृत्रिम धाग्याच्या, गुळगुळीत. नातीच्या आवडत्या ओढणीचा तुकडा फलकावर ठेवला की घसरून खाली. टाचणी लावून झाली, पण जागा बदलताना दर वेळी काढा-घाला. मोठ्या मायनं धोतराचा तेवढाच तुकडा घेतला, ओढणीच्या पाठीला चार कच्चे टाके घालून लावला आणि फलकावर टेकवला. तो राहिला. पुढे शिवतानाही त्या निसरड्या कापडाला खालून सुताचा आधार झाला.

त्याच आठवड्यात गावाकडून थोरली सून आली. बरोबर तिचा लग्नातला शालू होता, जरीचा, एका बाजूनं विरलेला. "पोरगी मला लेकीसारखी. मधोमध माझा शालू लागला पाहिजे," असं ती म्हणाली. धाकटीचा चेहरा उतरला. मध्यावर तिनं मोठ्या मायच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा ठेवला होता, आणि ती मांडणी तिनं कितीतरी संध्याकाळी जपली होती. एरवी अशा वेळी सासू न्याय देते आणि दोघींपैकी एक जण वर्षभर मनात धरून बसते.

मोठी माय म्हणाली, "अजून टाका नाही पडला. ठेव तुला जिथं पाहिजे तिथं."

थोरलीनं शालूचे तुकडे मध्यावर लावले, चांगले ठसठशीत. धाकटी गप्प राहिली. रात्र झाली, फलक मिटला, शालू आतच. अंथरुणं पडली.

सकाळी धाकटी अंगणवाडीत गेल्यावर थोरलीनं स्वतःच फलक उघडला आणि दारात उभा केला. मोठी माय समोरच्या ओट्यावर चहा पीत होती, म्हणून तीही कप घेऊन तिथे जाऊन बसली. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तिथून बघताना मधली जर एवढी चमकत होती, की नातीची ओढणी, नातवाचा शाळेचा सदरा, धोतर यांतलं काहीच डोळ्यांत भरत नव्हतं. थोरली उठली. शालूचे तुकडे काढले आणि चार कोपऱ्यांत तिरके लावले. लुगडं मध्यावर परत आणलं. मग पुन्हा ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "धोतराचे आणखी दोन तुकडे लागतील, लालाच्या मधून." संध्याकाळी धाकटीनं फलक उघडला तेव्हा तिनं फक्त एकच तुकडा हलवला, आणि तोही थोरलीला विचारून.

दोघी जावांनी समोरासमोर बसून ती गोधडी शिवली. मधल्या थरात दोन लुगडी, पाठीला मऊ जुनी नऊवारी, आणि फलकाबाहेर उरलेल्या कडेला साड्यांचे काठ. उसवावं लागलं नाही. संक्रांतीच्या आधी नात ती घेऊन एस.टी.नं नाशिकला गेली. थोरली परत जाताना फ्रीजचा नाही तर टीव्हीचा खोका शोधत होती, कारण ओटी असली तरी वारा असतोच, असं तिचं म्हणणं.

तुम्हालाही करायचा असेल तर सामान फारसं नाही. गल्लीत कुणी फ्रीज घेतला, तर खोका भंगारात जाण्याआधी मागून घ्या. फलालीन एकरंगी, फिकं घ्या. फुलाफुलांचं घेतलं तर त्याचीच फुलं तुमच्या तुकड्यांत मिसळून डोळा फसतो. लवेत दोरे-कचरा साठला की कोरड्या ब्रशनं झाडा. आणि बिजागरीची पट्टी शिवण्याआधी एक जाड वही उघडून समोर ठेवा, म्हणजे फट किती सोडायची ते विचारायला कुणाकडे जावं लागणार नाही.