स्वाध्यायातला ‘स्व’

शाळेच्या पुस्तकात धडा संपला की खाली ‘स्वाध्याय’ येतो आणि त्यापुढे प्रश्न. त्यामुळे स्वाध्याय म्हणजे आपला आपण करायचा अभ्यास, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. शब्दाचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. तो समजून घेतला, तर धर्माचा अभ्यास म्हणून आज आपण जे करतो त्यातली उणीवही लक्षात येते.

‘अधि’ उपसर्ग लागलेल्या ‘इ’ धातूपासून अध्ययन आणि अध्याय हे शब्द आले. वैदिक परंपरेत ‘स्व’चा अर्थ ‘एकट्याने’ असा नव्हता. आपल्या कुळात चालत आलेली वेदशाखा ती ‘स्व’. ती गुरुमुखातून शिकायची आणि पुढे रोज म्हणायची. शतपथ ब्राह्मणाने पंचमहायज्ञांतला ब्रह्मयज्ञ म्हणजे स्वाध्यायच, असे सांगितले. यज्ञ म्हटल्यावर ते नित्यकर्म झाले. सवड मिळाली तर करू, असे म्हणायची सोय राहिली नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सत्य, तप, दम, अतिथिसेवा अशी बारा कर्तव्ये सांगितली आहेत आणि प्रत्येकाला स्वाध्याय व प्रवचन यांची जोड दिली आहे. शंकराचार्यांनी त्यांचा अर्थ अध्ययन आणि अध्यापन असा केला. घेतलेले पुढे द्यायचे, हे त्या जोडीतच आले. त्याच ठिकाणी तीन आचार्यांची मते दिली आहेत. एकाला सत्य श्रेष्ठ वाटते, दुसऱ्याला तप. नाक मौद्गल्य म्हणतो, स्वाध्याय आणि प्रवचन हेच तप.

मग नुसते पाठांतर पुरे होते का? यास्काने निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. मीमांसकांनीही अध्ययनाचा विधी अर्थज्ञानापर्यंत नेला. जैन परंपरा आणखी पुढे गेली. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, विचारणे, मनन करणे, घोकणे आणि सांगणे. इथे शंका विचारणे हा श्रद्धेचा भंग ठरत नाही. ते आभ्यंतर तपाचे अंग ठरते.

या शब्दाच्या इतिहासातला अन्यायही झाकून चालणार नाही. वेदाध्ययन उपनयनाशी बांधले गेले आणि शूद्रांना व स्त्रियांना त्यापासून दूर ठेवले गेले. ज्ञानेश्वरांनी यावर नेमके बोट ठेवले. वेद संपन्न खरा, पण तो तिन्ही वर्णांच्याच कानी लागला म्हणून कृपण, असे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात म्हटले आणि ती उणीव गीतेने भरून काढली असे सांगितले. ती गीता त्यांनी १२९० साली मराठीत आणली. पुढे १५८४ साली एकनाथांनी पाठभेद पाहून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ पूज्य आहे म्हणूनच तो तपासून घ्यायचा, ही वृत्ती त्या कामामागे आहे. वारकऱ्यांच्या नित्यपाठाने ‘स्व’ कुळाच्या कुंपणाबाहेर आला. आपला ग्रंथ म्हणजे जन्माने मिळालेला नव्हे, तर आपण जवळ केलेला, असा त्याचा अर्थ झाला.

आज प्रवचनांना गर्दी होते, पारायणांचे सप्ते होतात, संतांच्या नावाने खरी-खोटी वचने मोबाइलवर फिरतात. ऐकणे पुष्कळ वाढले, पण ग्रंथ स्वतः उघडून वाचणे, अडले तिथे थांबणे, जाणत्याला विचारणे कमी झाले. श्रद्धा आपली आणि अभ्यास दुसऱ्याचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. जो मूळ ग्रंथ वाचत नाही, त्याला धर्माच्या नावाने काहीही सांगता येते. द्वेषाचा प्रचार करणाऱ्यांना असाच श्रोता हवा असतो.

म्हणून स्वाध्यायाचा आग्रह धरायला हवा, आणि तो श्रद्धावंतांनी अधिक धरायला हवा. रोज थोडे वाचावे, कळले नाही ते विचारावे, कळले ते दुसऱ्याला सांगावे. आपल्या धर्मात काय लिहिले आहे, हे जाणून घेण्याची जबाबदारी कुणा महाराजांवर किंवा पुढाऱ्यावर सोपवता येत नाही. ती ज्याची त्याची आहे.