स्वजननिष्ठा आणि लोकापवाद

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ भगवंतांच्या उपदेशाने होत नाही; तो एका अंध पित्याच्या प्रश्नाने होतो. कुरुक्षेत्रावर जमलेल्यांविषयी विचारताना धृतराष्ट्र एका पक्षास ‘माझे’ म्हणतो आणि दुसऱ्यास ‘पांडूचे’. एकाच घराचे ममत्वाने दोन भाग केले ते असे. पुढे अर्जुनालाही समोर शत्रू न दिसता स्वजन दिसले. गीतेचा सारा उपदेश ज्या भूमीवर उभा आहे, ती भूमीच आप्तप्रेम आणि धर्म यांच्या कलहाची आहे. हा कलह द्वापरयुगात संपला नाही. एखाद्या घरात हत्या घडते, तेव्हा तो तेथे पुन्हा उभा राहतो. आणि घराबाहेर दुसरा अनर्थ सुरू होतो, तो लोकांच्या तर्काचा. कोण कोणास पाठीशी घालीत आहे, कोणाच्या डोळ्यांत अश्रू नाहीत, याचे निवाडे न्यायालयाच्या आधी चावडीवर होऊ लागतात. धर्मजिज्ञासू मनुष्याने या दोहोंचा विचार करणे अगत्याचे आहे.

बेंगळुरू नगरातील एक प्रसंग या दृष्टीने चिंतनीय आहे. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची नात शाकेरे खलीली हिने पहिला विवाह संपुष्टात आल्यावर १९८६ मध्ये मुरली मनोहर मिश्र याच्याशी विवाह केला. हा मनुष्य स्वामी श्रद्धानंद या नावाने वावरत असे. मे १९९१ नंतर रिचमंड रोडवरील आपल्या बंगल्यात ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही. तिची एक कन्या विचारी, तेव्हा पती निरनिराळी उत्तरे देई. ती परदेशी एका रुग्णालयात गेली आहे, असेही त्याने सांगितले. कन्येने त्या रुग्णालयाकडे चौकशी केली, तेव्हा तेथे त्या नावाची रुग्ण आलीच नव्हती असे कळले. जून १९९२ मध्ये तिने पोलिसांत तक्रार नोंदविली. मार्च १९९४ मध्ये पतीनेच दाखविलेल्या जागी बंगल्याचे अंगण उकरले, तेव्हा लाकडी पेटीत सांगाडा सापडला. मृत स्त्रीच्या मातेने अलंकार ओळखले. डीएनए चाचणीनेही ओळख पटली. संपत्तीच्या लोभाने हे कृत्य झाले असे न्यायालयात सिद्ध झाले. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी कर्नाटक उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली. सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये शिक्षेविषयी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. शेवटी २००८ मध्ये तीन न्यायमूर्तींनी फाशीऐवजी जीवनाच्या अंतापर्यंत कारावास ठरविला.

मराठीत ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ अशी म्हण आहे. येथे तर संन्याशाचे नावच चोराने पांघरले होते. जवळजवळ तीन वर्षे तो त्याच घरात राहिला आणि त्या नावाखाली काय दडले आहे, हे उघड झाले नाही. बाह्य चिन्हांवर विश्वासणारी बुद्धी पाप्याला साधू ठरविते. पण तीच बुद्धी उलट दिशेनेही तितक्याच सहजतेने धावते.

मे २००८ मध्ये नोएडा येथे आरुषी नावाची मुलगी स्वतःच्या शयनगृहात मृतावस्थेत आढळली. घरातील नोकर हेमराज दिसेना. तोच मारेकरी असा समज तात्काळ झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचे प्रेत त्याच घराच्या गच्चीवर सापडले. ज्याला लोक पळून गेलेला खुनी म्हणत होते, तो स्वतःच मारला गेला होता. एवढ्याने लोकांनी शहाणे व्हावयास हवे होते. परंतु तर्काने केवळ दुसरे लक्ष्य शोधले. आता माता-पित्यांच्या मुद्रा तपासल्या जाऊ लागल्या. माता पुरेशी रडत का नाही, याची चर्चा देशभर झाली. २०१३ मध्ये त्या दांपत्यास जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुराव्याने अपराध सिद्ध होत नाही म्हणून त्यांना मुक्त केले. शोक प्रत्येक देहात एकाच रीतीने वाहतो काय? कोणाचे अश्रू उशिरा येतात, कोणाचे आटून जातात. त्यांचे मोजमाप करण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील तामस ज्ञान ते, जे एखाद्या क्षुद्र अंशालाच सर्वस्व मानून त्यास चिकटून बसते, ज्याला हेतूचा आधार नसतो आणि तत्त्वाचा स्पर्श नसतो. लोकापवादाचे याहून यथार्थ वर्णन कोणते असू शकेल? एक कोरडा डोळा, एक भगवे वस्त्र, एक अर्धवट ऐकलेले वाक्य, एवढ्यावर संपूर्ण मनुष्याचा निवाडा! कर्ता त्यास विवेक समजतो. वस्तुतः तो तमोगुणाचा विलास असतो.

न्यायशास्त्राने या तमाला बांध घातला आहे. पुण्यात जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. पती शरद बिरधीचंद सारडा यास सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. त्यांस न्यायालयाने ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती केवळ अपराधाशीच जुळावी. ती निर्णायक असावी. अन्य प्रत्येक शक्यता तिने दूर सारावी. आणि साखळी अशी अखंड असावी की, निर्दोषत्वाला वाव उरू नये. ‘केले असेल’ आणि ‘केलेच आहे’ यांतील अंतर फार मोठे असते. दोन न्यायालयांनी प्राणदंड योग्य मानलेला मनुष्यही जेथे या कसोटीवर सुटतो, तेथे वृत्तपत्राची चार ओळींची बातमी वाचून कोणास खुनी म्हणणाऱ्याचा आधार कोणता?

आता राहिला आप्तांचा प्रश्न. स्वजनाच्या पाठीशी उभे राहणे हे पाप आहे काय? बेंगळुरूच्या कन्येची मातृनिष्ठा तिला पोलीस ठाण्याकडे घेऊन गेली. नोएडाच्या दांपत्याचे नातलग त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोघांची कृती परस्परविरुद्ध दिसते. परंतु बाहेरच्या मनुष्यास त्यावरून कोणाचाही दोष वाचता येत नाही. कायद्यानेही स्वजनप्रेमाची बूज राखली आहे. अपराध्यास आश्रय देणे हा गुन्हा मानताना १८६० च्या दंडसंहितेने पती-पत्नीस त्यातून वगळले, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याने वैवाहिक विश्वासात झालेले बोलणे उघड करण्याची सक्ती, काही अपवाद सोडून, केली नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या सवलती राखलेल्या आहेत.

मग मर्यादा कोठे आहे? महाभारतात तिची उत्तरे आहेत. विकर्णाने द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने वाणी उच्चारली, तरी युद्धात तो भावांसोबतच राहिला. युयुत्सु धृतराष्ट्राचाच पुत्र, पण युद्धारंभी तो धर्मपक्षास मिळाला. गांधारीने पुत्रावरील माया सोडली नाही, पण त्याच्या अधर्माला आशीर्वादही दिला नाही. धृतराष्ट्राने मात्र विदुराचे हितवचन ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. चौघांनीही स्वजनांवर प्रेम केले. भेद इतकाच की, धृतराष्ट्राच्या प्रेमाला टिकण्यासाठी असत्याची गरज लागली. हीच कसोटी. बंदिवासातील पुत्रास मातेने अन्न पोचवावे, त्याच्यासाठी वकील द्यावा, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हे वात्सल्य आहे. परंतु तिने रक्ताचे वस्त्र धुऊन टाकले, साक्षीदारास खोटे पढविले, तर ते वात्सल्य राहत नाही, मोह होतो. आणि तो पुत्राचाही उद्धार करीत नाही, कारण पश्चात्तापाचे द्वारच त्याने बंद होते.

घराबाहेरच्यांचे कर्तव्य याहून सोपे आहे, म्हणूनच ते अधिक वेळा चुकते. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत अहिंसा आणि सत्य यांच्याच पंक्तीस अपैशुन, म्हणजे चहाडी न करणे, बसविले आहे. सतराव्या अध्यायात उद्वेग न देणारी, सत्य, प्रिय आणि हितकर वाणी हे तप सांगितले आहे. तप म्हटले, कारण ते कष्टाने साधते. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढे सोपे असते तर त्यास तप कोण म्हणता? ज्याने प्रत्यक्ष काही पाहिले असेल, त्याने ते निर्भयपणे अधिकाऱ्यांपुढे सांगावे. तेथे मौन हा अपराध आहे. ज्याने पाहिले नाही, त्याने मौन धरावे. तेथे बोलणे हा अपराध आहे. आणि त्या घरात जे मागे उरले, विशेषतः लहान मुले, त्यांच्याशी शेजाऱ्यांनी पूर्वीसारखेच वागावे. त्यांचे ताट वाढावे, त्यांना शाळेत सोबत द्यावी, त्यांच्या कानी आडून शब्द जाऊ देऊ नये. मृतास न्याय मिळवून देणे न्यायालयाच्या हाती आहे; जिवंतांना न छळणे प्रत्येकाच्या हाती आहे.

हृदयस्थ ईश्वर सर्वांचे साक्षित्व करीतच असतो. त्याच्या साक्षीवर श्रद्धा ठेवून स्वजनांवर प्रेम करण्याचे आणि सत्य न सोडण्याचे, तसेच परक्याच्या दुःखापुढे जीभ आवरण्याचे बळ तो सर्वांस देवो.